दामोदर कोसंबी आणि इतिहासाचा विचार : गोव्याच्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

जुलै संपत आला की प्रश्न यायला लागतात. ३१ जुलै हा दामोदर धर्मानंद कोसंबींचा जन्मदिवस. शाळेतली मुले प्रकल्पासाठी विचारतात, शिक्षक भाषणासाठी. काही जण वाचता वाचता अडतात आणि रात्री उशिरा लांबलचक निरोप धाडतात, आणि खरे सांगायचे तर त्यांचे प्रश्न मला सर्वांत आवडतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कोसंबी दोन होते ना? आमचा नेहमी गोंधळ होतो.

दोन होते, बाप आणि लेक. वडील धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, साखवाळ. पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचे आपल्याकडचे पहिल्या फळीचे अभ्यासक. ‘निवेदन’ हे आत्मकथन आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांचा. मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी, म्हणजे डी. डी. कोसंबी. हे गणितज्ञ आणि इतिहासाचे विचारवंत. आजोबांचे नाव नातवाला ठेवायच्या रीतीमुळे नावे अशी उलटसुलट झाली. घरात आणि मित्रांत दामोदरांना ‘बाबा’ म्हणत. प्रकल्पात ‘धर्मानंद’ हे नाव आधी आले की वडील, मधे आले की मुलगा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हे पान मुख्यतः मुलाबद्दल आहे. पण वडिलांना वगळून मुलगा कळत नाही, म्हणून ते अधूनमधून येतील.

२. ते गोव्याचे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण ते गोव्यात राहिले तरी किती?

फार थोडे. जन्म ३१ जुलै १९०७ रोजी कोसबेन इथला, पोर्तुगीज अमलातला. वडील तेव्हा ज्ञानाच्या मागे भटकत होते. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्यांच्या मनाने घेतले आणि १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा तो प्रवास झाला. मागे आई बाळाबाई आणि लहान मूल. पुढे धर्मानंद फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले तेव्हा मुलगा पुण्याला आला आणि १९१८ मध्ये, अकराव्या वर्षी, वडिलांबरोबर अमेरिकेला गेला.

म्हणजे वर्षे मोजायला गेले तर हाती फारसे लागत नाही. पण गोव्यावर त्यांनी जो निबंध लिहिला (प्रश्न ७), तो वाचताना गावाची नाडी ठाऊक असलेला माणूस बोलतो आहे हे कळते. माझ्या लेखी तेवढे नाते पुरेसे आहे.

३. प्रकल्पासाठी जीवनपट हवा आहे, थोडक्यात.

अमेरिकेतल्या केंब्रिज गावी शालेय शिक्षण. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी, सर्वोच्च गुणवत्तेसह. त्याच वर्षी भारतात परत आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे अध्यापन. १९३१ मध्ये नलिनी माडगावकर यांच्याशी विवाह आणि फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या बोलावण्यावरून अलीगढला. १९३३ पासून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात सुमारे १२ वर्षे. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक. होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली तेव्हा तिथे रुजू, १९६२ पर्यंत. घर पुण्यातच ठेवले आणि डेक्कन क्वीनने ये-जा केली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच मृत्यू. वय ५८.

ग्रंथ : ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६), ‘एक्झॅस्परेटिंग एसेज’ (१९५७), ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२), ‘द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया’ (१९६५). भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ ची. विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ त्यांनी व्ही. व्ही. गोखले यांच्यासह संपादित केला, तो १९५७ मध्ये हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये निघाला. याच मालेत १९५० मध्ये वडिलांनी संस्कारलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली बौद्ध ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. धर्मानंद तो पाहायला नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला होता.

२००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने दामोदर कोसंबींचे तिकीट काढले. त्याच वर्षापासून पणजीला त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरू लागला.

४. गणिताचा प्राध्यापक इतिहासात शिरलाच कसा?

नाण्यांमुळे. संख्याशास्त्र शिकायचे तर हाताशी खराखुरा प्रश्न हवा म्हणून त्यांनी आहत नाणी घेतली. चांदीच्या पत्र्याचे तुकडे, त्यांवर सूर्य, झाड, हत्ती, टेकडी असे ठसे. राजाचे नाव नाही, सन नाही. नुसत्या डोळ्यांनी बघून त्यांचा काळ सांगणे म्हणजे अंदाजपंचेच.

कोसंबींनी तराजू काढला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकाच टाकसाळीतून एकाच वजनाची निघालेली नाणी वर्षानुवर्षे बाजारात फिरली की त्यांचे सरासरी वजन हळूहळू घटते. शिवाय कोणते नाणे जास्त फिरते, कोणते कमी, म्हणून वजनांतली तफावत वाढते. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली नाणी त्यांनी एकेक करून तोलली, वजने मांडली आणि कोणता गट आधीचा, कोणता नंतरचा हे लावत नेले. मौर्यकाळच्या नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली आहे हेही त्यांनी दाखवले. राज्याची तिजोरी ताणली गेली होती, हे कुठल्या प्रशस्तीत कधी कोरलेले असते का? नाण्यांच्या चांदीत ते सापडले.

मग नाणी पाडणारे राजे कोण, हा प्रश्न आला. त्यासाठी पुराणे आणि बौद्ध ग्रंथ उघडावे लागले. त्यासाठी संस्कृत घासूनपुसून लख्ख करावे लागले, आणि सरावाला घेतलेला भर्तृहरी पुढे संशोधनाचा विषयच झाला. एक दोरा ओढावा आणि अख्खी गोधडी उसवत यावी, तसे हे झाले.

ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. इतिहासात रस नाही म्हणणारी मुले तराजूचे नाव काढले की कान टवकारतात.

५. त्यांना इतिहासकार म्हणायचे की इतिहासाचे तत्त्वज्ञ?

दोन्ही म्हणावे, पण दुसरे विसरू नये. काय घडले हे इतिहासकार सांगतो. ‘घडले’ म्हणजे काय, कोणते घडणे मोजायचे, पुरावा कशाला म्हणायचे हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे. कोसंबींनी १९५६ च्या ग्रंथाची सुरुवातच व्याख्येपासून केली. उत्पादनाची साधने आणि उत्पादनातले माणसामाणसांचे संबंध टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले, त्याची कालक्रमाने मांडणी म्हणजे इतिहास. राजा कोण होता, किंबहुना राजा होता की नव्हता, यापेक्षा त्या मुलखातल्या लोकांकडे नांगर होता का, आणि असला तर हलका की जड, हे त्यांना महत्त्वाचे वाटे.

वाक्य साधे दिसते, पण त्याने सगळी उतरंड बदलते. आपल्याकडे अमुक घराण्याने इतकी वर्षे राज्य केले, ताम्रपट दिला, पडले, हे पाठ केले की इतिहास झाला असे मानतात. ताम्रपटातली जमीन कोण कसत होते, तिथे आधी रान होते का, ते कोणी तोडले, ब्राह्मणाला दान मिळाल्यावर तिथल्या मूळ लोकांचे काय झाले, हे विचारायचे राहूनच जाते. कोसंबी हे विचारतात.

त्यांची दुसरी मोठी मांडणी पद्धतीची. भारतात जुने संपत नाही, नव्याच्या शेजारी जगत राहते. म्हणून ग्रंथ, उत्खनन, नाणी, भाषा आणि आज डोळ्यांसमोर जगणारी माणसे हे सगळे एकत्र वाचायचे. पुण्यात त्यांच्या घराजवळ फासेपारध्यांची पाले पडत. त्यांचे देव, त्यांची शिकार, त्यांचे विधी त्यांनी बारकाईने नोंदले आणि ते इतिहासाच्या ग्रंथात, प्राग्वर्गीय, म्हणजे वर्ग तयार होण्याआधीच्या, समाजाच्या प्रकरणात आले. टेकड्या पालथ्या घालून गारगोटीची सूक्ष्म हत्यारे वेचली. कार्ले-भाज्याची लेणी आडरानात का नाहीत, व्यापारी वाटांच्या कडेला का आहेत, हे पायी हिंडून दाखवले.

६. ते मार्क्सवादी होते. मग आधीच ठरवून ठेवलेले निष्कर्ष नाहीत का?

मार्क्सवादी होते, आणि ते त्यांनी लपवले नाही. भर्तृहरीची आवृत्ती त्यांनी मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना अर्पण केली आहे. संस्कृत पाठचिकित्सेच्या ग्रंथाला अशी अर्पणपत्रिका दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

पण निष्कर्ष आधी ठरलेले होते म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे. युरोपात गुलामगिरीचा टप्पा होता म्हणून भारतातही असलाच पाहिजे, हे त्यांनी मानले नाही. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी प्राचीन भारताची तशी मांडणी केली, तेव्हा १९४९ मध्ये त्यांनी तिच्यावर कडक टीका लिहिली. खुद्द मार्क्सचे भारतीय गावाबद्दलचे मत, की गाव युगानुयुगे बदललेच नाही, तेही त्यांनी जसेच्या तसे घेतले नाही. गाव तयार होणे, रानात नांगर शिरणे, हाच त्यांच्या लेखी मोठा बदल होता. पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांना ते उघडपणे टोचून बोलत. मार्क्सवाद हे विचाराचे साधन आहे, विचार न करण्याची सोय नव्हे, ही त्यांची भूमिका. कम्युनिस्ट पक्षाचे ते सभासद नव्हते.

या साधनाने त्यांची कुठे फसगत झाली ते प्रश्न १२ मध्ये आहे.

७. गोव्याबद्दल त्यांनी नेमके काय लिहिले आहे?

‘मिथ अँड रिॲलिटी’तला शेवटचा निबंध : गोव्याच्या जुन्या काबिजादीतला (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातला) ग्रामसमाज. मूळ लेखन १९४७ चे, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या १४ वर्षे आधीचे. विषय आपली गांवकारी, पोर्तुगीजांनी जिला कोमुनिदाद म्हटले ती.

नव्या पिढीतल्या पुष्कळांना ही व्यवस्था नावापुरतीच माहीत असते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. गावची जमीन कोणा एकाची नसे. ती गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या वंशजांची, म्हणजे गांवकारांची, सामाईक असे. गांवकार वांगडांत, म्हणजे घराण्यांच्या गटांत, वाटलेले. शेते ठरावीक मुदतीने पावणीला लावायची, चढ्या बोलीला द्यायची. आलेल्या पैशातून बांध, मानस (बांधातले पाण्याचे दार), देऊळ, गावचे सेवेकरी यांचा खर्च भागवायचा, सरकारचे देणे द्यायचे, आणि उरेल ते गांवकारांत वाटायचे. तो वाटा म्हणजे झोण. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने या चालीरीतींची सनद लिहून काढली, तिला फोराल म्हणतात. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ही घडी होती याचा तो लेखी पुरावा.

कोसंबींना कुतूहल होते ते या घडीच्या मुळाचे. आपल्या खाजनांकडे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांकडे, पाहा म्हणजे त्यांचा प्रश्न समजेल. खाऱ्या पाण्यातून शेत काढायचे तर बांध घालावा लागतो. तो एका कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हे. आणि घातला तरी एका जागी फुटला की सगळ्यांचेच शेत खारावते. एकट्याने करता न येणाऱ्या कामातून सामाईक हक्क उभा राहतो. माझ्या मते कोमुनिदादीची किल्ली इथे आहे.

मात्र या निबंधात जुन्या सुवर्णयुगाचे गोडवे नाहीत, आणि मला तो याचसाठी मोलाचा वाटतो. गांवकार सामाईक मालक होते खरे, पण शेतात राबणारे सगळे गांवकार नव्हते. ज्यांना झोण नाही, सभेत आवाज नाही, असे कितीतरी लोक त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. समानता होती ती मालकांमालकांत. पुढे हक्कांचे रूपांतर विकता येणाऱ्या भागांत झाले, देवळांची उत्पन्ने चर्चकडे वळली, आणि गावची संस्था महसूल गोळा करायचे साधन होत गेली.

८. आम्ही डिचोलीचे. आमच्या गावाला हा निबंध लागू पडतो का?

सरसकट नाही. निबंधाच्या नावातच ‘जुनी काबिजाद’ आहे : तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी (आजचा मुरगाव तालुका तिच्यातलाच). पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आला. तोवर तिथे इतर राजवटी होत्या, देसाई-राण्यांचे हक्क होते, जमिनीचे गणित निराळे होते. तिथे निबंधातले प्रश्न घेऊन जावे, उत्तरे घेऊन जाऊ नये.

फोंड्याची गोष्ट आणखी वेगळी. सोळाव्या शतकात धर्मांतरे आणि देवळांची मोडतोड सुरू झाली तेव्हा जुन्या काबिजादीतले देव नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्यात, आले. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कोसंबींच्या साखवाळचा लक्ष्मी-नरसिंह वेलिंगला. देव एका तालुक्यात आणि जमीन दुसऱ्या, असे झाल्यावर देव, गाव आणि शेत यांचे नाते कसे बदलले? हा प्रश्न कोणीतरी आयुष्यभराचा करावा असा आहे.

९. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि सारस्वतांना वसवले. कोसंबी स्वतः सारस्वत. त्यांनी ही कथा मानली का?

अक्षरशः मानली नाही, आणि थापा म्हणून फेकूनही दिली नाही. त्यांच्या सगळ्या कामाचा बाज इथे दिसतो. ‘सह्याद्रिखंडा’त ६६ कुळे सासष्टीत आणि ३० तिसवाडीत वसवल्याची कथा आहे. त्यातला परशुराम बाजूला ठेवला तरी मागे उरते ते खरेच काही सांगते : बाहेरून आलेले गट, ठरावीक गावे, गावागणिक मूळ घराणी, आणि समुद्राकडून मिळवलेली जमीन. कथा म्हणजे हक्काचा दाखला. तो कोणी, कोणाविरुद्ध, केव्हा तयार केला हे विचारायचे. आणि आधी तिथे कोण राहत होते, ज्यांचे नाव कथेत नाही, हेही विचारायचे. आपल्याच ज्ञातीच्या उत्पत्तिकथेला असे प्रश्न करायला धैर्य लागते.

१०. गीतेवर त्यांनी वाईट लिहिले असे ऐकले. खरे का?

पूर्ण निबंध वाचून मग ठरवा, एवढीच विनंती. त्यांचा प्रश्न असा : एकाच ग्रंथातून शंकराचार्य, रामानुज, ज्ञानेश्वर, टिळक आणि गांधी इतके वेगवेगळे अर्थ कसे काढतात? त्यांचे म्हणणे, परस्परविरोधी मते न भांडता एकत्र नांदवण्याची सोय गीतेत आहे, आणि एकनिष्ठ भक्तीची शिकवण सरंजामी काळाला मानवणारी होती, कारण त्या समाजाला धन्यावरची निष्ठाच बांधून ठेवत होती. हे पटणार नाही अशी माणसे पुष्कळ, आणि त्यांत विद्वानही आहेत. पण याच लेखकाला ज्ञानेश्वर-तुकारामांच्या परंपरेविषयी आस्था होती, हे विसरून चालणार नाही.

११. भाभांच्या संस्थेतून त्यांना का जावे लागले? आणि रीमान प्रकरण काय?

१९६२ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्याआधी रीमान गृहीतक हे गणितातले प्रसिद्ध न सुटलेले कोडे सिद्ध केल्याचा दावा करणारा त्यांचा लेख १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. तो दावा टिकला नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. त्याशिवाय भाभा अणुशक्तीचे शिल्पकार, तर कोसंबी भारताने सौरऊर्जेकडे वळावे म्हणून जाहीरपणे बोलत. संबंध ताणलेले होते.

रीमानच्या चुकीवरून त्यांचे सगळे गणित मोडीत काढणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगतो. आनुवंशशास्त्रात जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून वापरात आहे. आणि आज कारहुनेन-लोएव या नावांनी ओळखला जाणारा संभाव्यताशास्त्रातला विस्तार त्यांनी १९४३ मध्येच मांडला होता.

बूरबाकीची गोष्टही विचारतात. ती खरी आहे. अलीगढच्या दिवसांत वेल यांच्या चिथावणीवरून त्यांनी बूरबाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या, गणितज्ञाच्या प्रमेयावर लेख छापला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या जगप्रसिद्ध गटाने तेच नाव घेतले.

१२. त्यांचे आज काय चुकीचे ठरले आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो, कारण पूजा कोसंबींना आवडली नसती.

इंद्राने वृत्राला मारून पाणी मोकळे केले, याचा अर्थ त्यांनी आर्यांनी सिंधू संस्कृतीचे बंधारे फोडले असा लावला. आक्रमणाने हडप्पा-मोहेंजोदडो संपले ही कल्पना आज अभ्यासक मानत नाहीत. गंगेच्या खोऱ्यातले रान लोखंडी हत्यारांनी तुटले आणि त्यातून नगरे उभी राहिली, ही मांडणीही नंतरच्या उत्खननांनी बरीच सैल केली. वरून लादलेली सरंजामशाही आणि खालून, गावातूनच वाढलेली सरंजामशाही हा त्यांचा भेद गाजला. पण भारतात जे होते त्याला सरंजामशाही म्हणावे का यावरच पुढे मोठा वाद झाला.

त्यांची उत्तरे जुनी झाली. नांगराचा प्रश्न (प्रश्न ५) मात्र अजून तसाच उभा आहे.

१३. इंग्रजी जड जाते. सुरुवात कुठून करू?

दामोदरांचे मुख्य लेखन इंग्रजीत आहे, पण मराठी अनुवाद झालेले आहेत. गावातल्या वाचनालयात विचारा. मी आधी वडिलांचे ‘निवेदन’ वाचायला सांगतो. मूळ मराठीतच आहे, भाषा स्वच्छ आहे, आणि गोव्यातल्या एका घरातून ज्ञानाची तहान कशी निघाली ते कळते. मग ‘मिथ अँड रिॲलिटी’तले निबंध, सुटे सुटे. १९५६ चा मोठा ग्रंथ शेवटी. तो पहिल्याच दिवशी हाती घेऊन दमलेले पुष्कळ पाहिले आहेत. कन्या मीरा कोसंबी यांनी आजोबा आणि वडील या दोघांविषयी केलेले संपादनही मोलाचे आहे.

१४. त्यांची पद्धत आमच्या गावात वापरून बघायची आहे. काय करू?

देवळापासून सुरुवात करा, पण मुख्य देवापाशी थांबू नका. सातेरीचे रोंयण (वारूळ) कुठे आहे? राखणदाराला काय देतात, कोण देतो, कोणत्या दिवशी? शिगम्यात मेळ कोणाच्या मांडावरून निघतो, आणि आधी कोणाच्या दारात जातो? पालखी कुठल्या वाटेने जाते, कुठल्या वाटेने जात नाही? पुण्याकडे कोसंबींनी म्हसोबा आणि देवींची ठाणी अशीच पायी हिंडून नोंदली. त्यांना आढळले की कित्येक ठाणी जुन्या वाटा मिळतात तिथे आहेत.

मग शेतांची नावे लिहून घ्या. नकाशावरची पुरणार नाहीत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची घ्या. कोणते शेत ‘देवाचे’, कोणते ‘सुताराचे’, कोणते ‘महाराचे’ म्हणतात, आणि ते आज कोणाच्या नावावर आहे. कूळ कोण होते, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण होते. कूळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर काय बदलले आणि काय नुसते कागदावर बदलले. बांधाची डागडुजी आता कोण करतो, आणि कोणीच करत नसेल तर कोणत्या वर्षी थांबली.

विचारताना बसून ऐका, लगेच दुरुस्त करू नका. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, कोणी सांगितली ते घर लिहा. आणि ज्यांना देवळाच्या चौकात कधी बसायला मिळाले नाही त्यांच्या घरी आधी जा.